आधी फीत नीट बघा, मग राजपत्र उघडा

जनरल अरुणकुमार वैद्य यांचा गणवेशातला फोटो दरवर्षी १० ऑगस्टला, त्यांच्या स्मृतिदिनी, फिरतो. खाली हमखास लिहिलेलं असतं, 'दोन महावीर चक्रं मिळवणारा मराठी लष्करप्रमुख'. भावना खरी आहे, पण फोटोत दोन महावीर चक्रं शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की नवं पदक देत नाहीत, पहिल्याच पदकाच्या फितीवर एक आडवी पट्टी चढते. तिला 'बार' म्हणतात. पदकाऐवजी नुसती फीत लावलेली असेल तर त्या फितीवर एक चिमुकलं चिन्ह बसवतात. वैद्यांचं पहिलं महावीर चक्र १९६५ चं, डेक्कन हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट लढवल्याबद्दल. बार १९७१ चा, १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेड बसंतर नदीच्या लढाईत लढवल्याबद्दल. आजवर महावीर चक्रावर बार मिळवणारे फक्त सहा जण आहेत आणि त्यातले तिघे (वैद्य, ब्रिगेडियर संत सिंग आणि हवाई दलाचे पद्मनाभ गौतम) असे की पहिलं १९६५ ला आणि बार १९७१ ला.

आता त्याच फोटोत आणखी एक गोष्ट बघा. छातीच्या मध्याला सर्वांत जवळची फीत महावीर चक्राची नाही. ती सोनेरी आहे, मधोमध एकच गडद निळी रेघ. ते परम विशिष्ट सेवा पदक. आपल्या मानक्रमात ते महावीर चक्राच्या वर बसतं. त्याचप्रमाणे अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या वर बसतं. म्हणजे दीर्घ, उत्कृष्ट सेवेसाठी, बहुतेक वेळा शांततेच्या काळात मिळालेलं पदक आतल्या बाजूला आणि शत्रूच्या तोफांसमोर मिळवलेलं बाहेरच्या बाजूला. मला हे मुळीच पटत नाही. सेवापदक मोठंच आहे, पण महावीर चक्राच्या डोक्यावर त्याला बसवायचं कारण नाही. नियम बदलेपर्यंत निदान बघणाऱ्याने तरी गोंधळू नये. पहिली फीत म्हणजे सर्वांत मोठं शौर्य, असं धरून चालू नका.

रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. परमवीर चक्राची फीत पूर्ण जांभळी, कुठेही रेघ नाही. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. या दोन्हींत केशरी बाजू डाव्या खांद्याकडे यायला हवी. एखाद्या फोटोत ती छातीच्या मध्याकडे दिसली तर फीत उलटी शिवली गेलेली असते. फोटो छापताना आरशासारखा उलटला गेला असेल, तर पदकंच छातीच्या उजव्या बाजूला दिसतात. स्मरणिकांमध्ये आणि चौकातल्या फलकांवर हे वारंवार होतं. फलक छापायला टाकण्याआधी अर्धा मिनिट काढून एवढं तपासा.

१९७१ च्या युद्धासाठी चार परमवीर चक्रं दिली गेली. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरला लढलेले १४ गार्ड्सचे लान्सनायक अल्बर्ट एक्का, श्रीनगरवर एकट्याने पाकिस्तानी सेबर विमानांना भिडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग. पहिली तीन मरणोत्तर. महावीर चक्रं ७६ आणि वीर चक्रं पाचशेहून अधिक.

या चौघांत एक लान्सनायक आणि तीन अधिकारी आहेत आणि चौघांचं पदक तेच. आज यात काही विशेष वाटत नाही, पण ही जाणीवपूर्वक केलेली निवड होती. इंग्रजांच्या फौजेत व्हिक्टोरिया क्रॉस सर्वांना असला, तरी त्याखाली हुद्द्याप्रमाणे पदकं वेगळी होती. अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस आणि साध्या शिपायाला मिलिटरी मेडल, दोघे एकाच खंदकात लढले असले तरी. हिंदी सैनिकांसाठी आणखी वेगळी. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्र सुरू झाली (लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून) तेव्हा ही हुद्द्याची भिंत ठेवलीच नाही. खुद्द ब्रिटनने ती १९९३ साली काढली.

परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. जन्माने स्विस, लग्नानंतर मराठी घरात आलेल्या, संस्कृत आणि पुराणं मनापासून शिकलेल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांना हे काम सांगितलं. कांस्याचं, १ ३/८ इंच व्यासाचं पदक, मध्ये राजमुद्रा आणि चार बाजूंना इंद्राचं वज्र. दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या, त्यातून ते वज्र घडलं, ही कथा सावित्रीबाईंच्या मनात होती. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मिळालं आणि ते सावित्रीबाईंच्या लेकीचे दीर.

आता बसंतर. अधिकाऱ्यांची पदकं कशी वाचायची हे शिकायला १९७१ मधली याहून चांगली लढाई नाही, कारण एकाच ठिकाणी, दोनतीन दिवसांत, हुद्द्याच्या प्रत्येक पायरीवर पदक आहे आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. पाकिस्तानातल्या शकरगढ भागात मेजर जनरल पिंटो यांची ५४ पायदळ डिव्हिजन पुढे सरकत होती. वाटेत भूसुरुंगांचे पट्टे होते. रणगाडे न्यायचे तर आधी सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, त्यातून वाट काढायची आणि तेही शत्रूच्या तोफखान्याच्या माऱ्यात. ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी हेच काम करता करता गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र. त्यांनी एकही रणगाडा फोडला नाही, कुठलं ठाणं घेतलं नाही. पण ती वाट नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नदीपलीकडे जरपाल हे ठाणं ३ ग्रेनेडियर्सने घेतलं. होशियार सिंग तिथले कंपनी कमांडर. स्वतः जखमी असताना एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जात राहिले. मशीनगनवरची माणसं पडली तेव्हा स्वतः गनवर बसले आणि युद्धबंदी होईपर्यंत मागे गेले नाहीत. त्यांना परमवीर चक्र आणि त्यांचे कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश एअरी यांना महावीर चक्र. १६ डिसेंबरला पाकिस्तानी रणगाडे प्रतिहल्ला करत आले, तेव्हा सुरुंगांची वाट पुरती साफ झालेली नसतानाही पूना हॉर्सचे रणगाडे पुढे गेले. खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन रणगाडा त्यातलाच. खेत्रपाल म्हणजे जून १९७१ मध्ये कमिशन मिळालेला तरुण, वय वर्षं २१, जन्म पुण्याचा. त्यांचे कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांना महावीर चक्र. या सगळ्या रणगाड्यांच्या वरचे ब्रिगेडियर वैद्य, त्यांना महावीर चक्रावर बार. 'फामागुस्ता' पुढे दुरुस्त करून अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केला आहे.

हुद्दा वाढतो तसा शौर्याचा अर्थ कसा बदलतो, हे इथे दिसतं. सेकंड लेफ्टनंटला पदक मिळतं ते त्याच्या हातातल्या रणगाड्यासाठी. मेजरला कंपनी ढळू न दिल्याबद्दल. कर्नलला रेजिमेंट मागे न घेण्याच्या निर्णयाबद्दल, तेही स्वतः त्याच माऱ्यात उभं राहून. ब्रिगेडियरला सगळ्यांची सांगड घातल्याबद्दल, पण पुढच्या फळीत असताना. 'शत्रूसमोर' ही अट चौघांनाही सारखीच लागू. 'वरिष्ठांना बसल्या जागी पदकं मिळतात' असं कुणी सरसकट म्हणालं की त्याला बसंतरची प्रशस्तिपत्रं वाचायला द्या.

हे प्रशस्तिपत्र, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा अधिकृत मजकूर, तयार कसं होतं ते बारकाईने सांगतो, कारण चुका होतात त्या इथेच. सुरुवात युनिटमधून. कमान अधिकारी शिफारस लिहितो. त्यात तारीख, वेळ, जागा, कुठलं शस्त्र, समोर किती शत्रू, त्या माणसाने नेमकं काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढं लागतं. सोबत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब आणि जागेचा नकाशा. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड आणि मुख्यालय. प्रत्येक पायरीवर पदकाची पातळी बदलू शकते, बहुतेकदा खालीच येते. शेवटी संरक्षण मंत्रालयातली केंद्रीय समिती, मग राष्ट्रपतींची मंजुरी आणि भारताच्या राजपत्रात प्रसिद्धी. १९७१ ची बरीचशी प्रसिद्धी १९७२ मध्ये झाली.

गडबड कुठे होते? पहिली आणि सर्वांत क्रूर म्हणजे साक्षीदार उरत नाही. अख्खं ठाणं पडलं, पाहणारे सगळे गेले, तर सर्वांत मोठं शौर्य कागदावर येतच नाही. आयएनएस खुक्री ही आपली युद्धनौका ९ डिसेंबर १९७१ ला बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता थांबले हे कळलं, कारण वाचलेल्यांनी ते पाहिलं होतं. खाली इंजिन रूममध्ये कोणी काय केलं ते सांगायला कोण उरलं? दुसरी गडबड लिहिणाऱ्याची. एका कमान अधिकाऱ्याला चांगलं लिहिता येतं, दुसऱ्याचा हात आखडता. पहिल्याची पलटण जास्त पदकं घेऊन जाते. विशेषणांनी भरलेली शिफारस वरच्या टेबलावर पडते आणि 'अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक केलं' असं लिहिलेली टिकते. तिसरी, शिफारस करणाराच लढाईत गेला किंवा पलटण दुसऱ्या आघाडीवर हलली आणि कागद वेळेत पोहोचले नाहीत.

चौथी, नावांची आणि जिवंत-मृतांची गल्लत. १९६२ ला मेजर धनसिंग थापा यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर धरलं गेलं. ते चिनी कैदेत जिवंत निघाले. कारगिलनंतर टायगर हिलच्या योगेंद्रसिंग यादव यांच्या बाबतीतही तेच झालं. पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता आणि हे रुग्णालयात उपचार घेत होते. म्हणून सांगतो, गावात फलक लावताना किंवा स्मरणिका काढताना नुसत्या नावावर जाऊ नका. सैनिकी क्रमांक, हुद्दा आणि पलटण, तिन्ही जुळवा. युद्धात सहभागाबद्दल मिळणाऱ्या पदकांच्या किनारीवर क्रमांक आणि नाव ठोकलेलं असतं, तिथून सुरुवात करा. शौर्यपदकांच्या नोंदी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

कधी कधी साक्षीदार समोरच्या बाजूचा असतो. जरपालवर चढाई करताना पडलेले पाकिस्तानचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा यांच्या शौर्याची दाद कर्नल एअरींनी लिहून दिली आणि पाकिस्तानने त्यांना हिलाल-ए-जुरत हे शौर्यपदक दिलं. कारगिलमध्ये पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हा हुद्दा नव्हे, नावच) यांच्याबाबत ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी असंच केलं. शत्रूचं शौर्य शब्दांत मांडणाऱ्या या अधिकाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. १९७१ मध्ये शत्रूसमोरच्या शौर्यासाठी पायऱ्या नीट होत्या. युद्ध आखणाऱ्या, चालवणाऱ्या, पुरवठा उभा करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मात्र युद्धाचं असं वेगळं पदकच नव्हतं. मग काय दिलं? नागरी सन्मान आणि सेवापदकं. तिन्ही दलांचे प्रमुख माणेकशा, ॲडमिरल नंदा आणि एअर चीफ मार्शल लाल यांना पद्मविभूषण. पूर्व कमांडचे प्रमुख जगजितसिंग अरोरांना पद्मभूषण.

सगतसिंगांचं उदाहरण घ्या. पूर्व आघाडीवरच्या ४ कोअरचे कमांडर. मेघना नदीवरचा पूल शत्रूने उडवला, तेव्हा त्यांनी सैन्य हेलिकॉप्टरने पलीकडे न्यायचं ठरवलं. मी-४ हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. जागा हेरायला ते स्वतः हेलिकॉप्टरमधून जात, त्यातल्या एका उड्डाणात खालून गोळ्या लागल्या. हा हवाई पूल चालवणारे ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांना महावीर चक्र मिळालं, आणि ते योग्यच होतं. सगतसिंगांना पद्मभूषण. म्हणजे ज्यांच्या एका निर्णयाने युद्धाचे दिवस कमी झाले, त्यांच्या छातीवर त्या निर्णयाची खूण म्हणून एकही युद्धपदक नाही. पद्म सन्मान गायकाला, डॉक्टरला, उद्योजकाला मिळतो तसाच यांनाही. सन्मान छोटा आहे असं मी म्हणत नाही. जागा चुकीची आहे.

ही उणीव २६ जून १९८० रोजी भरली. सर्वोत्तम युद्ध सेवा पदक, उत्तम युद्ध सेवा पदक आणि युद्ध सेवा पदक अशी तीन पदकं आली. सोनेरी फितीवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन लाल रेघा. रेघ निळी असेल तर विशिष्ट सेवा, लाल असेल तर युद्ध सेवा, एवढी खूण पुरते. कारगिलच्या हवाई मोहिमेसाठी एअर मार्शल विनोद पटणी यांना सर्वोत्तम युद्ध सेवा पदक मिळालं. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी ऑपरेशन सिंदूरसाठी १५ वीर चक्रं आणि ७ सर्वोत्तम युद्ध सेवा पदकं जाहीर झाली. लढणारा आणि लढवणारा, दोघांची वेगळी दखल. १९७१ च्या माणसांना ही सोय नऊ वर्षं उशिरा आली. परमवीर, महावीर आणि वीर चक्र १९५० मध्ये सुरू करताना १९४७ पासून लागू करता आली होती. युद्ध सेवा पदकंही तशीच मागे नेऊन ७१ च्या कमांडरना द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

गुप्ततेमुळे झाकली गेलेली पदकं हा आणखी एक प्रकार. कमांडर मोहन नारायण सामंत, आपले मराठी नौदल अधिकारी, पाणबुडी 'करंज'चे पहिले कमान अधिकारी. १९७१ मध्ये त्यांनी मुक्तिवाहिनीच्या नौसैनिकांबरोबर मोंगला-खुलनाच्या नद्यांमध्ये 'पद्मा' आणि 'पलाश' या बोटी नेल्या. मूळच्या बंदराच्या कामाच्या बोटी, त्यांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा चढवलेल्या. सोबत आयएनएस पनवेल. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी शत्रूच्या समजून पद्मा आणि पलाशवर हल्ला केला. दोन्ही गेल्या. त्या दिवसाने दोन देशांच्या शौर्यपदकांची यादी लांबवली. लीडिंग सीमन चिमण सिंग यांना आणि सामंतांना भारताचं महावीर चक्र. पलाशवरचे इंजिनरूमचे मोहम्मद रुहुल अमीन यांना बांगलादेशचं 'बीर श्रेष्ठ', जे फक्त सात जणांना मिळालं. ही मोहीम अनेक वर्षं उघड बोलली गेली नाही, त्यामुळे सामंतांचं नाव महाराष्ट्रातही फार थोड्यांना माहीत आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेना पदकाबद्दलही थोडं. लाल फितीवर मधोमध पातळ पांढरी रेघ. हे शौर्यासाठीही मिळतं आणि विशेष सेवेसाठीही. पदक तेच, फीत तीच. फरक फक्त राजपत्रात. भत्ता मात्र शौर्यासाठीच्या पदकालाच. म्हणून सेना पदक दिसलं की नोंद बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही १९७१ मधल्या सहभागाची पदकं, शौर्याची नव्हेत. ती लाखोंकडे आहेत. घरी सापडली की लोक 'आजोबांना युद्धात शौर्यपदक' असं लिहून मोकळे होतात. आजोबा त्या युद्धकाळात सेवेत होते, एवढं त्यातून कळतं, आणि तेही लहान नाही.

घरात मूळ पदक असेल तर ब्रासो किंवा चिंच लावून घासू नका. कांस्यावरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे, आणि घासल्याने कडेची अक्षरं झिजतात. फीत धुवू नका. रंग एकमेकांत उतरतात. ती बदलायची झाली तर नवी ३२ मिलिमीटरची घ्या आणि जुनी पाकिटात जपून ठेवा. स्वतः मिळवलेलं पदक छातीच्या डाव्या बाजूला लावतात. वीरपत्नी, आईवडील, मुलं यांनी लावायचं तर उजव्या बाजूला.

भत्त्यांचे आकडे लिहून ठेवा. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्राचा दरमहा भत्ता परमवीर चक्राला २०,००० रुपये, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठीच्या सेना पदकाला २,०००. बारला मूळ पदकाइतकीच रक्कम वेगळी. परमवीर, महावीर आणि वीर चक्र मिळालेल्यांच्या पेन्शनवर आयकर नाही. १९६१ च्या कायद्यात ती सूट कलम १०(१८) खाली होती आणि कुटुंबाच्या पेन्शनलाही लागू होती. मरणोत्तर पदक मिळालेला जवान अविवाहित असेल तर भत्ता वडिलांना किंवा आईला जातो. विवाहित असेल तर पत्नीला. आणि इथे अनेक वर्षं एक अट होती. वीरपत्नीने पुन्हा लग्न केलं तर भत्ता बंद. नवऱ्याच्या भावाशीच केलं तर मात्र चालू. विशीतल्या मुलीने कोणाशी संसार करायचा हे तिच्या नवऱ्याच्या पदकावरून ठरत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही अट काढून टाकली. ज्यांचा भत्ता या कारणाने थांबला होता, अशा कोणी तुमच्या गावात असतील तर त्यांच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि विचारा. जाताना राजपत्रातल्या नावाच्या पानाची प्रत, जवानाचा सैनिकी क्रमांक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), लग्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक, एवढं एका फाइलमध्ये घ्या. राजपत्राची प्रत नसली तर आधी तीच काढा.